आष्ट्याच्या अलीकडे

त्या दिवशी माझं काहीही दुखत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं कित्येक महिने सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, काय दुखतंय?

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी डॉक्टर. कुठल्याही हॉस्पिटलच्या नोकरीत नाही. सांगली, मिरज, आष्टा, पलूस, जिथल्या सर्जनचा फोन येईल तिथं आपली बॅग घेऊन जायचं, भूल द्यायची, पेशंट नीट सावरला की पुढच्या गावाला निघायचं. आमच्याकडची लहान हॉस्पिटलं अशीच चालतात. या कामाचा एक नियम आहे, तो कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात. फोनला नाही म्हणायचं नाही. एकदा नाही म्हटलं की पुढचा फोन दुसऱ्याला जातो आणि हळूहळू तुमचं नाव सर्जनच्या डोक्यातून पुसलं जातं. मी नाही म्हणत नसे. त्याचा मला अभिमानही होता.

त्यात मुहूर्त. सिझेरियन ठरलेलंच असेल तर बाळ चांगल्या वेळेवर काढा, असा घरच्यांचा आग्रह असतो. आता पंचांग सगळीकडं एकच. त्यामुळं सांगलीतल्या गुरुजींना जी वेळ चांगली दिसते, तीच आष्ट्यातल्या गुरुजींना दिसते. बाळं दोन गावांत, मुहूर्त एक, आणि भूल देणारी मी एक. मग मी वाटणी करत असे. मुहूर्ताच्या तोंडाला सांगली, शेपटीला आष्टा. मधे गाडी. हे जमवण्यात मी वाकबगार झाले होते, आणि सर्जन मंडळी माझं कौतुक करायची.

तुंगच्या पुढं

तो असाच मुहूर्ताचा दिवस. सांगलीची केस करून मी आष्ट्याकडे निघाले होते. तुंग मागं पडलं. पुढं उसाची ट्रॉली होती. ओव्हरटेक करायला आरशात बघितलं आणि मागच्या सीटवर माझी बॅग दिसली. तिच्याकडं बघताना मनात आलं, सांगलीची केस पूर्ण करून आपण निघालो ना?

आठवेना.

बाळ रडल्याचं आठवत होतं. त्यानंतर एकदम ही ट्रॉली. मधलं काहीच नाही. टाके पडेपर्यंत मी थांबले होते का? ब्लडप्रेशर बघितलं का? बाईला वॉर्डात हलवताना मी सोबत होते, की कमरेखाली बधिर बाई टेबलावर सोडून मी गाडीत येऊन बसले? गाडी कडेला घेतली आणि सांगलीच्या हॉस्पिटलला फोन लावला.

सिस्टर हसायलाच लागली. म्हणाली, "असं काय मॅडम, तुम्हीच तर पेशंटला वॉर्डात सोडून गेलात. माझ्याबरोबर चहा घेतला. बाळाच्या आजोबांना म्हणालात, नाव आपल्या डोक्यातलं ठेवा, मोबाइलमधलं ठेवू नका. ते अजून हसतायत."

मला यातला एक शब्द आठवत नव्हता. पेशंट सुखरूप होती. माझ्या हातांनी सगळं काम व्यवस्थित केलं होतं, तोंडानं विनोदही केला होता. मी स्वतः मात्र तिथं नव्हते.

फोन ठेवते तोच आष्ट्याच्या सर्जनचा फोन. पेशंट तयार आहे, टेबलावर घेऊ का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, घेऊ नका, मी येत नाही. त्यांना वाटलं गाडी बंद पडली. म्हटलं, गाडी चालू आहे, पण आज मला भूल देता येणार नाही. मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. त्यांनी फोन पेशंटच्या सासूच्या हातात दिला. मुलीचं माहेर आष्टा, सासर कुंडल, आणि मुहूर्त काढून आणलेला सासूनं.

"आवं डॉक्टरीणबाई, कुठवर आलाय?"

"आष्ट्याच्या अलीकडे."

"मग आलाच की."

"मावशी, मी येत नाही. मला बरं नाही."

"काय दुखतंय?"

"दुखत काही नाही."

"दुखत न्हाई तर या की मग. पोरीला रातीपासनं उपाशी ठिवलीया. एवढी येळ काढून आणलीया, ती काय परत येती व्हय?"

बाई चुकीचं काही बोलत नव्हती. मी समोर दिसणाऱ्या उसाकडं बघत होते. पंधरा मिनिटांचा रस्ता राहिला होता. गेले असते तर बहुधा सगळं नीट झालं असतं, सांगलीत झालं तसंच. पण मी ती सुई दिली की नाही, किती औषध दिलं, हे अर्ध्या तासानं मला आठवलं नसतं तर? त्या पोरीचा श्वास मोजायला तिथं कोण असणार होतं? मी म्हटलं, "मावशी, मी आत्ता आले तर तुमच्या सुनेला धोका आहे." आणि फोन ठेवला.

मग पलूसच्या पाटील सरांना लावला. तेही भूलतज्ज्ञ. इतकी वर्षं एकाच भागात काम करतो, पण आमचं नातं म्हणजे लग्नात भेटल्यावर मठ्ठा चांगला आहे म्हणण्यापुरतं. माझी केस त्यांना द्यावी असं मला कधी वाटलं नव्हतं, त्यांनाही नसेल. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. कुठलं हॉस्पिटल, पेशंट उपाशी आहे का, आधीचा काही आजार आहे का. मग म्हणाले, येतो.

ते पोचेपर्यंत मुहूर्त गेला. मुलगी झाली. दोघी ठीक होत्या.

मी गाडीत बसून राहिले. शेवटी माझा नवरा अजित, तो शिकवतो त्या कॉलेजातून निघून, तिथल्या एका शिपायाच्या मोटरसायकलवर मागं बसून आला आणि मला घरी घेऊन गेला.

सगळं नॉर्मल

रक्त तपासलं. साखर, थायरॉइड, हृदयाचा आलेख, डोक्याचा स्कॅन. सगळं नॉर्मल. अजितचा जीव भांड्यात पडला. माझा टांगणीला लागला. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन इतकं एकटं वाटतं, हे डॉक्टर असूनही मला माहीत नव्हतं. काही निघालं असतं तर त्या कुंडलच्या मावशीला सांगायला नाव तरी मिळालं असतं.

फिजिशियन म्हणाले, आठ दिवस विश्रांती घ्या, काम जरा कमी करा. मी पेशंटला "घाबरू नका" म्हणते, त्याच सुरात.

आता मागं बघते तेव्हा खुणा होत्या. हॉस्पिटलच्या दारात गाडी लावून मी बसून राहत असे, उतरायला नको वाटायचं. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायचं, परत वाचायचं, आणि तरी खात्री वाटायची नाही. सख्खे मामा गेले तेव्हा रडू आलं नाही. आता संध्याकाळची केस कोण करणार, एवढंच डोक्यात आलं. कुणी आनंदानं पेढा दिला तरी राग यायचा. हे वाचणाऱ्यांत नर्स असतील, फिजिओ असतील, घरोघर जाऊन पेशंट बघणारे असतील. यातलं काही ओळखीचं वाटत असेल तर माझ्यासारखी उसाच्या ट्रॉलीची वाट बघू नका.

आठ दिवस मी काढले नाहीत. चार दिवसांनी विश्रामबागेतल्या एका सर्जनचा फोन आला. हर्नियाची साधी केस, घराजवळ. मी गेले.

पेशंटच्या बोटाला एक चिमटा लावलेला असतो, त्याचा टिक टिक आवाज सतत चालू असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरला की त्या आवाजाचा सूरही उतरतो. आमचा कान त्या सुराला बांधलेला असतो. आम्ही बोलत असू, औषध भरत असू, सर्जनचे जुनेच विनोद ऐकत असू, सूर जरा खाली आला की मान आपोआप वळते. गेले काही महिने तो आवाज मला घरातही ऐकू यायचा. गिझरमध्ये, शेजारच्यांच्या गाडीच्या रिव्हर्समध्ये. त्या दिवशी मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये, जिथं तो खरोखर चालू होता, तिथं मला तो लागेचना. म्हणजे बहिरी झाले नव्हते. आवाज येत होता, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. म्हणून मी सगळा वेळ पडद्यावरच्या आकड्याकडं टक लावून उभी राहिले. सर्जन म्हणाले, मॅडम आज मॅच लावलीय काय.

मधेच आकडा खाली आला. पेशंटची हनुवटी जरा घसरून श्वासाची वाट दबली होती. उचलली, आकडा परत वर. क्षणाचं काम. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मला तो आकडा दिसला होता, ऐकू आला नव्हता. त्या वेळी मी दुसरीकडं बघत असते तर?

पेशंट शुद्धीवर येऊन बायकोला हाक मारेपर्यंत मी त्याचा हात धरून थांबले. घरी आले आणि अजितला म्हटलं, मला साताऱ्याला घेऊन चल.

सातारा

सातारा माझं माहेर. पण माहेरपणाला नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडं जायचं होतं. सांगलीत चांगले आहेत, सगळे ओळखीचे, आणि तीच अडचण. त्यांच्या बाहेरच्या बाकावर मला कुणी बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत मिरजेला कळलं असतं. लाज वाटत असेल तर दुसऱ्या गावाला जा, पण जा. एवढंच सांगते.

ते डॉक्टर फौजेतून निवृत्त झालेले. पोवई नाक्याजवळ छोटा दवाखाना, भिंतीवर काही नाही, टेबलावर पाण्याचा जग. मी माझी केस मांडावी तशी मांडली, लक्षणं, तपासण्या, निष्कर्ष. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, मुलंबाळं काय. म्हटलं, एक मुलगी, श्रेया, पुण्यात शिकते.

"समजा श्रेयाचं ऑपरेशन आहे. ती टेबलावर आहे आणि भूल द्यायला तुम्ही आलात. आई म्हणून नाही, आज जशा आहात तशा भूलतज्ज्ञ म्हणून. तिला तुमच्या हातात द्याल?"

अजित माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "नाही."

ते म्हणाले, "मग तुमचं निदान तुम्हीच केलंय." आणि लिहायला घेतलं.

अतिश्रमानं आलेला कमालीचा थकवा, आणि त्याच्याआड वाढत गेलेलं नैराश्य. गोळ्या दिल्या. गाडी चालवायची नाही. थिएटरमध्ये पाय ठेवायचा नाही, ते सांगेपर्यंत. मी विचारलं, तोपर्यंत सर्जन दुसरीकडं गेले तर? म्हणाले, "मॅडम, आमच्याकडं जवान सुट्टीवर गेला म्हणून सरहद्द कुणी दुसऱ्याला देत नाही. छुट्टी भी ड्यूटी है."

मला ते वाक्य पटलं नाही. आमच्याकडं सरहद्द देतात, दुसऱ्याच दिवशी देतात. पण "नाही" मी स्वतः म्हटलं होतं. ते मागं घेता येत नव्हतं.

आक्का फोन घेतात

पहिल्या आठवड्यात फोन सारखे वाजले. मग कमी झाले. मग थांबले. वाजणाऱ्या फोनची मला जितकी धडकी भरायची, त्याच्या दुप्पट त्या शांततेची भरली. अफवा मात्र चालू होत्या. मला ॲटॅक आला होता, मी मुलीकडं परदेशी गेले होते, एकानं तर माझा हात लुळा पडल्याचंही सांगितलं. हात लुळा हे ऐकून मला बरं वाटलं, इतकी मी कामातून गेले होते.

गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. दिवसभर झापड यायची. अजित धीराचा माणूस, पण त्याचाही एकदा बांध फुटला. म्हणाला, इतकी वर्षं तू घरी नसायचीस ते चालत होतं, आता घरी आहेस आणि तरी नाहीस, याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी म्हटलं, मलाही नाही. दोन दिवस आम्ही भाजी काय करायची एवढंच बोललो.

वाट निघाली ती माझ्या सासूबाईंमुळं. त्यांना सगळे आक्का म्हणतात. आमचं घर जैन, आणि आक्कांचा सूर्यास्ताआधी जेवायचा नेम. आजारपण, लग्न, महापूर, काही असलं तरी तो मोडलेला नाही. मी साताऱ्याची, मला हा नेम लग्नानंतर कळला, आणि भूलतज्ज्ञाला तो जमणं शक्य नव्हतं. माझं ताट कायम झाकून ठेवलेलं. आता मी घरीच. पहिल्याच दिवशी त्यांनी ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तसं माझं पान घेतलं. मी म्हटलं भूक नाही. त्या म्हणाल्या, "भुकंला कोण इचारतंय? दिवस मावळायला लागलाय."

मला त्या काळात काहीच ठरवता येत नव्हतं. कुठली साडी, चहा की कॉफी, कशाचंच नाही. दिवसातली एक गोष्ट सूर्यानं ठरवून टाकली, याचा मला इतका आधार वाटला की मी वाद घातला नाही. जेवायचं, अंगणात फेऱ्या मारायच्या, गोळी घ्यायची, आडवं व्हायचं.

मग एका संध्याकाळी आम्ही पानावर असताना माझा फोन वाजला. मी उठायला लागले. आक्कांनी डाव्या हातानं फोन उचलला आणि कानाला लावला.

"कोण बोलतंय? ... न्हाई, ती जेवायला बसलीया. ... व्हय, दिवसाउजेडीच. ... तुमचं पेशंट तुमी बगा. ती माझं पेशंट हाय."

फोन कुणाचा होता मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून सूर्यास्तानंतर माझा फोन आक्कांकडे राहू लागला. सर्जन मंडळी माझ्याशी वाद घालू शकत होती. आक्कांशी कुणाला जमलं नाही.

पाटील सर

दिवाळीनंतर पाटील सर घरी आले. सोबत पलूसची द्राक्षं नव्हती, हंगाम नव्हता, वांगी होती. बसले, पाणी प्याले, आणि कुंडलच्या त्या मावशीची गोष्ट सांगितली. ती बाई त्यांना परत भेटली होती. नात रात्रभर रडते, मुहूर्त चुकवला त्या सांगलीच्या बाईनं, म्हणत होती. मग म्हणाली म्हणे, पर धोका हाय म्हणून खरं तरी बोलली, कोण बोलतंय आजकाल.

मी हसले. बऱ्याच महिन्यांनी हसल्याचं अजितनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि डोकावून बघितलं.

पाटील सर हसत नव्हते. म्हणाले, त्या दिवशी आष्ट्याला जाताना गाडीत ते एकच गोष्ट मनात घोळवत होते. यांनी मला फोन केला. माझ्यावर ही वेळ आली तर मी कुणाला करू? नाव सुचलं नाही.

मग त्यांनीच तोडगा काढला. आपल्यापैकी कुणालाही असा दिवस आला तर फक्त एवढंच सांगायचं, मी आष्ट्याच्या अलीकडे आहे. दुसऱ्यानं जायचं. कारण विचारायचं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गेलेल्यानं तो सर्जन पुढं आपल्याकडं ओढायचा नाही. आणि मुहूर्ताच्या दिवशी एकानं एकच थिएटर धरायचं. पंचांगातली वेळ दोघांत वाटून घ्यायची, एकाच्या अंगावर नाही. मिरजेच्या एका तरुण भूलतज्ज्ञ मुलीलाही त्यांनी यात घेतलं. सर्जन लोकांना हे कळलं तेव्हा कुरकुर झाली. मग पंचांगासारखंच हेही अंगवळणी पडलं.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी उन्हाळ्याच्या तोंडावर परवानगी दिली, आधी आठवड्यात दोनच दिवस. पहिली केस सांगलीतच घेतली. थिएटरमध्ये उभी राहिले, आणि मुद्दाम पडद्याकडं पाठ केली. सूर वर होता. पेशंट गाढ असताना सर्जननं मुद्दाम रेडिओ लावला, तरी त्याच्या खालून तो येत राहिला. टिक, टिक, तसाच वर. गोळ्या अजून चालू आहेत, कमी झाल्या आहेत. काही सर्जन परत आले नाहीत. निघताना घराच्या दारात मी अजून स्वतःला साताऱ्याचा तो प्रश्न विचारते, आणि दोनदा उत्तर 'नाही' असं आलं म्हणून दोनदा परत फिरले आहे.

परवाची गोष्ट. ऊन भिंतीवरून उतरत होतं, आक्का पानं मांडत होत्या. माझा फोन वाजला. दिवस अजून मावळला नव्हता, पण फोन आधीच आक्कांच्या कमरेला. त्यांनी घेतला, नेहमीसारखं "ती जेवायला बसलीया" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबल्या. ऐकत राहिल्या. मग फोन माझ्यापुढं धरला.

पाटील सर होते. मागं गाड्यांचे आवाज. त्यांचा आवाज मी ओळखला नसता.

"मॅडम, मी आष्ट्याच्या अलीकडे आहे."

त्यांची आजची केस पलूसलाच होती, हे मला माहीत होतं. आष्टा तिथून कितीतरी लांब. मी स्वतःला विचारलं, आत्ता श्रेया टेबलावर असती तर? हो, मी तिला माझ्या हातात दिली असती.

आक्कांनी माझ्या पानातली भाकरी दुमडली, आत भाजी घातली आणि डब्यात बंद केली. नेम मोडू नये म्हणून गाडीतच खायची, दिवस आहे तोवर.

मी बॅग उचलली. पाटील सर अजून फोनवर होते, काहीतरी सांगायचा प्रयत्न करत. मी मधेच थांबवलं.

"कुठलं हॉस्पिटल? पेशंट उपाशी आहे ना?"

काय दुखतंय, ते विचारलं नाही.